फाट्यावरचे पाच सेकंद

आपल्या जिल्ह्यातून दोन मोठे महामार्ग जातात. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा करत बीडकडे जाणारा ५२ क्रमांकाचा आणि अणदूर, नळदुर्ग, उमरगा या बाजूने हैदराबादकडे जाणारा ६५ क्रमांकाचा. दोन्ही चौपदरी झाले आणि प्रवासाचा वेळ वाचला. पण गावे जिथे होती तिथेच राहिली. एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला शेत. कुठे शाळा पलीकडे, कुठे कब्रस्तान. त्यामुळे दिवसातून दोन-चार वेळा प्रत्येक घरातले कुणी ना कुणी फाट्यावर येऊन उभे राहते, डावीकडे-उजवीकडे पाहते आणि "आता जमेल" म्हणून निघते.

बहुतेक वेळा जमते. एखाद्या वेळी जमत नाही. मग मयतीच्या घरी बसल्यावर जी चर्चा होते ती सगळ्यांनी ऐकलेली आहे. कुणी म्हणते ट्रकवाल्याने ब्रेकच मारला नाही, कुणी म्हणते पोराने पाहिलेच नाही. शेवटी एखादे बुजुर्ग "वेळ आली होती" म्हणतात आणि विषय संपतो. खरे काय घडले ते कुणालाच कळत नाही, कारण अपघात पुन्हा घडवून पाहता येत नाही.

तो घडवून पाहता येईल अशी सोय मात्र आता आहे. मुंबईत पवईच्या आयआयटीत, स्थापत्य अभियांत्रिकी विभागात, प्राध्यापक नागेंद्र वेलगा आणि त्यांचे विद्यार्थी अनेक वर्षे हेच काम करत आहेत. त्यांच्याकडे ड्रायव्हिंग सिम्युलेटर आहे. मोटारीसारखी सीट, स्टेअरिंग, गिअर, क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर सगळे असते, फक्त गाडी जागची हलत नाही. समोर आणि दोन्ही बाजूंना मिळून तीन पडदे असतात आणि त्यांवर रस्ता धावतो. झाडे, इमारती, समोरून येणारी वाहने, कडेला चालणारी माणसे असे सगळे त्या रस्त्यावर दिसते. ॲक्सिलरेटर दाबला की रस्ता जोरात पळतो, स्टेअरिंग फिरवले की वळतो. मध्येच कुणीतरी रस्त्यात उतरते. चालकाचा पाय ब्रेकवर किती वेळाने गेला, वेग किती उतरला, धडक झाली की टळली याची नोंद यंत्र सेकंदाच्या बारीक हिश्शापर्यंत ठेवते. धडक झाली तरी कुणाला ओरखडा उठत नाही. पुढच्या माणसाला बसवून तोच प्रसंग तसाच पुन्हा उभा करता येतो. विमानाच्या पायलटांना अशा यंत्रावर शिकवतात हे आपण ऐकून आहोत. इथे शिकवण्यापेक्षा पाहणे महत्त्वाचे आहे. माणूस चुकतो तो नेमका कुठे?

या प्रयोगशाळेतला एक अभ्यास पुष्पा चौधरी आणि वेलगा यांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. लायसन्स असलेले १०० चालक त्यांनी घेतले. तरुण, मध्यमवयीन आणि वयस्क असे तीन गट होते. दोन प्रसंग अचानक समोर आणले. एकात पादचारी रस्ता ओलांडतात, दुसऱ्यात कडेला उभी असलेली वाहने एकाएकी रस्ता ओलांडू लागतात. प्रत्येक चालकाने पाच प्रकारे गाडी चालवली. आधी फोनशिवाय, मग फोनवर साधे बोलताना, डोके चालवावे लागेल असे बोलताना, साधा मेसेज करताना आणि विचार करून लिहावा लागेल असा मेसेज करताना.

पादचाऱ्याच्या प्रसंगात, फोन नसतानाच्या तुलनेत, प्रतिसादाला लागणारा वेळ साध्या बोलण्याने ४० टक्क्यांनी वाढला. डोके लागणाऱ्या बोलण्याने ९५ टक्क्यांनी, साध्या मेसेजने १३७ टक्क्यांनी आणि अवघड मेसेजने २०४ टक्क्यांनी वाढला.

टक्केवारी वाचून अंगावर काटा येत नाही, म्हणून हिशेब मांडून पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एरवी एक सेकंद लागतो असे धरू. तेवढ्यात गाडी १७ मीटर पुढे आली, ब्रेक लागणे अजून सुरूच व्हायचे आहे. साधे बोलताना हे अंतर २३ मीटर होते. डोके लागणारे बोलणे असेल तर ३२ मीटरच्या पुढे जाते. आणि विचार करून मेसेज लिहिणारा माणूस ५० मीटर गेल्यावर ब्रेकला पाय लावतो. एकामागे एक उभ्या केलेल्या चार एसटी गाड्यांएवढे हे अंतर आहे. तिथून पुढे ब्रेक लागून गाडी थांबायला जे अंतर लागते ते वेगळेच, आणि वेग दुप्पट झाला की ते अंतर चौपट होते. हे नववी-दहावीच्या विज्ञानात आहे, पण परीक्षेनंतर ते पुस्तकातच राहते.

या आकड्यांतला मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो ९५ टक्क्यांचा. मेसेज धोक्याचा आहे हे सगळे मान्य करतात, कारण नजर खाली जाते. पण बोलताना नजर रस्त्यावरच असते. तरीही वेळ दुप्पट होतो, तो मन दुसरीकडे गेल्यामुळे. आणि डोके लागणारे बोलणे म्हणजे तरी काय? "मामूंच्या घरचे किती जण येणार, हिशेब करून सांगा." "बँकेचा हप्ता कुठल्या खात्यातून भरू?" "डॉक्टरांनी काय सांगितले, नीट सांगा ना." हे फोन बाहेरून येत नाहीत, आपल्याच घरातून जातात. अब्बू गाडीवर आहेत हे माहीत असताना आपण फोन लावतो, आणि उचलला नाही तर पुन्हा लावतो. कानाला फोन लावून खांद्यात मान घालणारा चालक तर दोषी आहेच. पण पलीकडे बोलणारा माणूसही त्या वेळी त्या गाडीत बसलेला असतो.

हेडफोन लावला म्हणजे झाले, अशीही एक समजूत आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ साली गाडी चालवण्याची नक्कल करणारा एक साधा प्रयोग केला होता. पडद्यावर सिग्नल लाल झाला की बटण दाबायचे. फोनवर बोलणाऱ्यांचे लाल सिग्नल हुकण्याचे प्रमाण दुपटीने वाढले, आणि फोन हातात होता की हात मोकळे होते याने काही फरक पडला नाही.

घरी एक गंमत करून पाहण्यासारखी आहे. तीस सेंटिमीटरची पट्टी उभी धरायची. मुलाने खालच्या टोकाशी, शून्याजवळ, पट्टीला न लावता चिमूट उघडी ठेवायची. आपण न सांगता पट्टी सोडायची, त्याने पकडायची. साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर पकडली जाते. पट्टी २० सेंटिमीटर पडायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. मग त्याला सतराचा पाढा उलटा म्हणायला लावायचा आणि मध्येच पट्टी सोडायची. पट्टी हातातून निसटून खाली पडते. वर्गात हा प्रयोग केला की पोरे हसतात. घरी मोठ्यांनीही करून पाहावा, विशेषतः "मला काही होत नाही, वीस वर्षं गाडी चालवतोय" म्हणणाऱ्यांनी.

आता चौकाकडे वळू. शहरांत सिग्नल असतात आणि तिथे पिवळ्या दिव्याचा प्रश्न असतो. दिवा पिवळा झाला तेव्हा गाडी अशा जागी असते की थांबायचे तर ब्रेक कचकन मारावा लागेल आणि जायचे तर लाल होण्याआधी चौक पार होणार नाही. या अवघड पट्ट्याचे गणित १९६० साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या संशोधकांनी मांडले. वेलगा यांच्या गटाने सिम्युलेटरवर हेही तपासले की पिवळा दिवा लागताना चालक फोनवर असेल किंवा गाणी लावत असेल तर त्याचा निर्णय कसा होतो. पण आपल्या फाट्यांवर सिग्नल नसतात. तिथे पिवळा दिवा आपला आपणच ठरवायचा असतो.

सिग्नल नसलेल्या फाट्यावर उभा माणूस एकच गोष्ट शोधत असतो. येणाऱ्या दोन गाड्यांमधली फट. ही फट डोळ्यांना मीटरमध्ये दिसते, पण तिचा खरा हिशेब सेकंदांचा असतो, आणि तिथेच घात होतो. शाळेच्या क्रीडा स्पर्धेत शंभर मीटरची शर्यत सर्वांनी पाहिली आहे. मैदानाच्या एका टोकाला उभे राहिले की दुसरे टोक केवढे लांब वाटते! तेवढ्या लांब असलेली आणि ताशी ८० ने येणारी गाडी साडेचार सेकंदांत आपल्यापाशी पोहोचते. आणि आपल्याला किती वेळ लागतो? मागे बायको, पुढे टाकीवर मूल, हँडलला पिशवी अशी दुचाकी जागेवरून उचलून दोन लेन ओलांडायला तीन-चार सेकंद जातात. चारही लेन एका दमात ओलांडायच्या तर पाच-सहा. सावकाश चालणाऱ्या दादीअम्मांना नुसत्या दोन लेन ओलांडायलाच आठेक सेकंद लागतात, म्हणजे गाडी किमान पावणेदोनशे मीटर लांब हवी.

डोळा आणखी एक फसवणूक करतो. समोरून येणारी वस्तू मोठी असेल तर ती लवकर पोहोचेल असे वाटते, लहान असेल तर उशिरा. ट्रक आणि मोटारसायकल एकाच अंतरावर आणि एकाच वेगात असली तरी मोटारसायकल अजून लांब आहे असा भास होतो. ट्रक पाहून थांबलेला माणूस मोटारसायकल पाहून निघतो. रात्री एकच दिवा दिसतो तेव्हा तर अंदाज आणखीनच चुकतो. तो एक दिवा मोटारसायकलचा आहे, की एक दिवा गेलेल्या ट्रॅक्टरचा, हे जवळ आल्यावरच कळते. गळीत हंगामात, नोव्हेंबरपासून पुढे, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. ट्रॅक्टरचे तोंड फाटा ओलांडून गेले तरी दुसरी ट्रॉली अजून रस्त्यात असते. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर.

घाईचे काय होते हेही पवईत पाहिले गेले. निशांत पवार आणि वेलगा यांनी सिग्नल नसलेल्या चौकात, वेळेचे दडपण असलेला चालक किती फट स्वीकारतो याचा सिम्युलेटरवर अभ्यास केला. दडपण आले की माणूस एरवी सोडून दिली असती अशी लहान फटही घेतो. हे वाचताना मला रमजान आठवला. मगरीबच्या आधीची वीस मिनिटे आपल्या कोणत्याही गावच्या चौकात उभे राहून पाहावे. कुणाच्या हातात बर्फ, कुणाच्या पिशवीत खजूर आणि भजी. सगळ्यांना अजानच्या आत घर गाठायचे असते. दिवसभर पोटात अन्न नाही, पाणी नाही. सहरीसाठी उठल्याने झोप अर्धीच झालेली. कमी झोपेनंतर अचानक काही समोर आले तर ब्रेक मारण्यात काय फरक पडतो, याचाही अभ्यास याच प्रयोगशाळेत झाला आहे. झोप कमी, घाई जास्त आणि त्यात घरून फोन, "बर्फ आणला का?" खरे तर एका खजुराने आणि घोटभर पाण्याने रोजा रस्त्याच्या कडेला थांबूनही खोलता येतो. खिशात दोन खजूर ठेवून निघायची सवय लागली तर शेवटच्या पाच मिनिटांची ती धावपळ उरणार नाही.

शाळेत काम करत असल्याने ज्या अभ्यासापाशी मी सर्वात जास्त थांबलो तो मुलांचा आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात जोडी प्लुमर्ट आणि जोसेफ कर्नी यांची प्रयोगशाळा आहे. तिथे मोटारीऐवजी रस्ता ओलांडणाऱ्या माणसालाच पडद्यांच्या मधोमध उभे करतात. भोवती रस्ता दिसतो, गाड्या येतात-जातात. २००४ साली त्यांनी १० आणि १२ वर्षांच्या मुलांना आणि मोठ्या माणसांना जागेवर बसवलेल्या सायकलवरून असे चौक ओलांडायला लावले. मुले फार लहान फट निवडत असतील असे आपल्याला वाटेल. तसे दिसले नाही. मुलांनी मोठ्यांइतकीच फट निवडली. पण मोठी माणसे गाडी समोरून जाताक्षणी निघत होती. मुले निघायला उशीर करत होती आणि रस्त्यात पोहोचायलाही त्यांना जास्त वेळ लागत होता. त्यामुळे पलीकडे पोहोचताना पुढच्या गाडीशी त्यांचे अंतर फार थोडे उरत होते.

पुढे २०१७ च्या सुमारास त्याच प्रयोगशाळेने पायी चालणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. रस्ता एकच लेनचा. गाड्या एकाच दिशेने येणाऱ्या, ताशी ४० किलोमीटरच्या आसपास एकसारख्या वेगात. प्रत्येकाने वीस वेळा रस्ता ओलांडायचा. पडद्यावरच्या गाडीची धडक बसण्याचे प्रमाण ६ वर्षांच्या मुलांत ८ टक्के निघाले, ८ वर्षांच्या मुलांत ६, १० वर्षांच्या मुलांत ५ आणि १२ वर्षांच्या मुलांत २ टक्के. १४ वर्षांपासून पुढे एकही धडक नाही.

८ टक्के म्हणजे शंभरदा ओलांडताना आठ धडका. मूल शाळेला जाताना एकदा आणि येताना एकदा रस्ता ओलांडते, आठवड्यात बारा वेळा. प्रत्यक्षात एवढे अपघात होत नाहीत, कारण खरा रस्ता सतत भरलेला नसतो, चालक ब्रेक मारतात आणि बरोबर कुणीतरी मोठे असते. पण प्रयोगातला रस्ता एकच लेनचा होता आणि गाड्या ४० च्या होत्या, हेही विसरू नये. आपल्या फाट्यावर चार लेन आहेत, वेग ८० आणि १०० चा आहे. मधल्या दुभाजकातली कण्हेर वाढून मुलाच्या डोक्यावर गेलेली असते, तिच्याआडून येणारी गाडी त्याला दिसत नाही आणि ते मूल चालकाला दिसत नाही. राँग साईडने येणारी टमटम वेगळीच.

या प्रयोगातली १२ वर्षांची मुले मला फार आवडली. पाऊल उचलण्याचे टायमिंग त्यांनाही मोठ्यांसारखे साधत नव्हते. पण त्यांनी फट मोठी निवडली. जे हातात नव्हते त्याची भरपाई जे हातात होते त्याने केली. मुलांना शिकवायचे ते हे. आपण शिकवतो काय, तर "चल, चल, पळ!" पळायला सांगितलेले मूल आधी आपल्या तोंडाकडे पाहते, मग रस्त्याकडे पाहते, मग निघते, आणि तेवढ्यात फट अर्धी झालेली असते. "थांब, ही जाऊ दे, त्याच्या मागचीही जाऊ दे" असे म्हणणारी अम्मी त्याला जास्त सुरक्षित नेते. सहावीपर्यंतच्या मुलाला महामार्ग एकट्याने ओलांडू देऊ नये, हे या अभ्यासावरून मी ठामपणे म्हणेन. आठवीपासून मुली सायकलवर शाळेला येतात, ही अत्यंत चांगली गोष्ट आहे आणि अपघाताच्या भीतीने ती थांबवण्याची गरज नाही. फाट्यावर उतरून सायकल हातात धरून ओलांडायची, एवढा नियम घरातून घालून द्यावा.

मुलाच्या हातात सायकलऐवजी मोटारसायकल असेल तर गोष्ट वेगळी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात त्यासाठी कलम १९९-अ आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. लग्नाच्या मांडवातून "जा रे, पटकन दही घेऊन ये" म्हणून चावी देताना हे कुणाच्या मनात नसते.

आपल्या मासिकाच्या वाचकांपुढे हा विषय दीनच्या बाजूनेही मांडला पाहिजे. रस्त्याच्याही आपल्यावर हक्क असतो, ही शिकवण हदीसमध्ये स्पष्ट आहे. रस्त्यावर बसणाऱ्या सहाबांना पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी रस्त्याचा हक्क अदा करायला सांगितले, आणि कुणाला त्रास न देणे हा त्या हक्काचा भाग सांगितला. रस्त्यातून त्रासदायक वस्तू बाजूला करणे हे तर ईमानच्या शाखांमध्ये मोजले गेले. जुम्याच्या दिवशी मशिदीजवळच्या कोपऱ्यावर आपण गाड्या कशा लावतो ते या शिकवणीशेजारी ठेवून पाहावे. चौकाच्या अगदी तोंडाशी गाड्या लावल्या की आडव्या रस्त्याने येणाऱ्याला काही दिसत नाही. पवईच्या प्रयोगातला दुसरा प्रसंग आठवा, कडेच्या गाड्या अचानक रस्त्यात येतात तो. नमाज सुटल्यावर आपण तोच प्रसंग दर आठवड्याला खराखुरा उभा करतो. चौकातल्या कमानी आणि बॅनरही तेच करतात, मग ते कुणाच्याही सणाचे, जयंतीचे किंवा वाढदिवसाचे असोत. मशिदीच्या कमिटीने चौकापासून वीस-पंचवीस पावलांपर्यंत गाडी लावू न देण्यासाठी दोन तरुण उभे केले तरी पुष्कळ होईल.

आणि तकदीर. अल्लाहवर भरवसा ठेवण्याआधी उंट बांधायला सांगणारी हदीस आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक आहे. तरी अपघात झाला की आपण पहिली ढाल तकदीरची पुढे करतो. शरीअत मात्र चुकून झालेल्या मृत्यूलाही "झाले ते झाले" म्हणून सोडत नाही. सूरह निसामध्ये चुकून हातून मोमिन मारला गेला तर त्याच्या वारसांना दियत आणि त्याशिवाय कफ्फारा सांगितला आहे. गुलाम मुक्त करणे शक्य नसणाऱ्याला दोन महिने सलग रोजे आहेत. आजच्या कोणत्या अपघाताला हा हुकूम कसा लागू होतो, ते उलेमांना विचारावे. पण इरादा नव्हता एवढ्यावर माणूस मोकळा होत नाही, हे त्यातून समजते. गाडी चालवताना मेसेज लिहिणाऱ्याने ही आयत अनुवादासह एकदा वाचावी.

सिम्युलेटर म्हणजे खरा रस्ता नव्हे, हेही सांगितले पाहिजे. तिथे बसणाऱ्याला ठाऊक असते की इथे कुणी मरणार नाही, त्यामुळे काही जण जरा बेफिकीर चालवतात. काहींना पडदे पाहून मळमळते आणि प्रयोग अर्ध्यावर सोडावा लागतो. म्हणून तिथला सेकंद म्हणजे तंतोतंत रस्त्यावरचा सेकंद असे कुणी धरत नाही. पण तोच माणूस, तोच रस्ता, तोच प्रसंग, आणि फरक फक्त फोनचा, ही तुलना मात्र भक्कम असते. माझी तक्रार वेगळी आहे. वर सांगितलेल्या प्रयोगांत चालक मोटारीत बसलेला आहे, आणि आपली माणसे दुचाकीवर असतात. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली १०० पैकी सुमारे ४४ दुचाकीवरची होती. दुचाकीच्या सीटवरून दिसणारा, उसाच्या ट्रॉल्या आणि राँग साईडच्या टमटम असलेला मराठवाड्यातला फाटा एखाद्या प्रयोगशाळेने पडद्यावर उभा करावा. आमच्या शाळेतून निघून अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुला-मुलींपैकी कुणी हे केले तर मला आनंद होईल.

तोवर प्रयोगांतून जे कळले ते फाट्यावर लागू करता येते. माणसाचा अंदाज चार लेनचा एकदम लागत नाही, म्हणून ओलांडणे दोन टप्प्यांत व्हायला हवे. त्यासाठी दुभाजकात माणसांना आणि दुचाकीला थांबता येईल एवढी सुरक्षित जागा हवी. गाडीचा वेग उतरला की फट आपोआप मोठी होते, म्हणून फाट्याच्या आधी रंबलर पट्ट्या हव्यात. फाट्यावर दिवा हवा आणि झुडपे गुडघ्याएवढी छाटलेली हवीत. सर्व्हिस रोड असेल तर राँग साईडने यायचे कारणच उरत नाही.

हे मिळवण्याचा रस्ता कागदावरून जातो. महामार्गावरच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजा झालेले पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणे ब्लॅक स्पॉट ठरते आणि तिच्या दुरुस्तीचा विचार होतो. ही मोजणी पोलिसांच्या नोंदीवरून होते. आपल्याकडे पुष्कळ अपघात आपसात मिटवले जातात. दोन्हीकडचे बसतात, दवाखान्याचा खर्च ठरतो, नोंद होत नाही. कोर्टकचेरी टळते, पण सरकारच्या नकाशावर तो फाटा सुरक्षितच राहतो आणि पुढच्या वर्षी तिथे दुसऱ्या कुणाचा पोरगा पडतो. पाय मोडण्याएवढा अपघात असेल तर नोंद करावी. मदत करणाऱ्याने घाबरू नये. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला संरक्षण देणारे कलम १३४-अ कायद्यात आहे.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. ग्रामसभेचा ठराव, शाळेचे पत्र, आधीच्या अपघातांच्या तारखा आणि फाट्याचे दोन-चार फोटो जोडून तिच्याकडे अर्ज करता येतो. त्याची एक प्रत महामार्ग प्राधिकरणाच्या कार्यालयाला द्यावी. फोटो सकाळी शाळा भरायच्या वेळेचे असावेत, म्हणजे तिथून किती मुले ओलांडतात ते दिसेल. अर्जावर आवक क्रमांक टाकून घ्यावा, पोच घ्यावी, आणि महिन्याने तो क्रमांक घेऊन पुन्हा जावे.